पहिली लाट आली, दुसरी आलीच नाही: शिकागो व्हाइट सॉक्सच्या पुनर्बांधणीचं प्रकरण

२०१६ च्या डिसेंबरात शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने आपला सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) दुसऱ्या संघाला दिला आणि त्याच्या बदल्यात चार तरुण पोरं घेतली. २०२४ च्या सप्टेंबरात हाच संघ एका हंगामात १२१ सामने हरला. १९०० नंतर मेजर लीगमधल्या कुठल्याही संघाचे एवढे पराभव झाले नव्हते. मधल्या आठ वर्षांत चाहत्यांचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: पोरांना वेळ द्यायचा की मालकाला जाब विचारायचा? दोन्ही बाजूंकडे दम असलेले मुद्दे होते. तरी संघ ज्या जागी फसला ती जागा बराच काळ दोघांच्याही नजरेतून सुटली. क्लब, खेळाडू आणि पदाधिकारी यांची नावं सार्वजनिक नोंदीतली असल्याने ती दिली आहेत. वाद घालणारे चाहते निनावी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

व्हाइट सॉक्स हा शिकागोच्या दक्षिण भागातला संघ. उत्तर भागातल्या कब्ज संघाच्या सावलीत राहिल्याची सल इथल्या चाहत्यांना जुनी आहे. २००५ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका जिंकली, तीही १९१७ नंतर पहिल्यांदा. २००८ मध्ये डिव्हिजन, म्हणजे आपला पाच संघांचा गट जिंकला. त्यानंतर थेट २०२० पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांचं तोंड पाहिलं नाही. १९८१ पासून क्लबची सूत्रं जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे. पुनर्बांधणीच्या काळात जनरल मॅनेजर रिक हान आणि त्यांच्या वर कार्यकारी उपाध्यक्ष केन विल्यम्स.

या खेळाचा हिशेब ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मेजर लीगमध्ये तीस संघ, प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने. कितीही हरलात तरी खालच्या लीगमध्ये उतरवत नाहीत. उलट पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, वरचा नंबर मिळायचा. आणि तरुण खेळाडू एकदा मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा हंगाम तो त्या क्लबच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादाने ठरणाऱ्या पगारावर, आणि मगच तो मोकळा होऊन बाजारात उतरतो. पुनर्बांधणीचं सगळं अर्थशास्त्र या सहा स्वस्त वर्षांवर उभं आहे. चार-पाच चांगली पोरं एकाच वेळी या सहा वर्षांत असली की उरलेला पैसा बाहेरच्या मोठ्या खेळाडूंवर घालता येतो. मात्र ही सहा वर्षं कोणासाठी थांबत नाहीत.

अडचण

२०१३ मध्ये ६३-९९ (आधी जिंकलेले, मग हरलेले सामने), मग ७३-८९, ७६-८६ आणि ७८-८४. अगदी गाळातही नाही आणि वरही नाही, ही बेसबॉलमधली सर्वात महाग जागा. ड्राफ्टमध्ये नंबर मधला येतो, प्लेऑफ मिळत नाही आणि चांगल्या खेळाडूंची उमेदीची वर्षं वाया जातात.

२०१६ ची सुरुवात २३-१० अशी दणक्यात झाली आणि त्या सुरुवातीनेच घात केला. संघ मे महिन्यात घसरायला लागल्यावर ४ जून रोजी क्लबने सान दिएगोकडून जेम्स शील्ड्स हा ३४ वर्षांचा पिचर आणला. बदल्यात दिलेल्या दोघांपैकी एक होता १७ वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर. वर्षभरापूर्वी सात लाख डॉलरला करारबद्ध केलेला, क्लबसाठी एकही अधिकृत सामना न खेळलेला पोरगा. पुढे तो सान दिएगोचा तारा झाला आणि २०२१ मध्ये त्याला १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार मिळाला. सतरा वर्षांचा मुलगा पुढे काय होईल हे सांगणं अवघड असतं, त्यामुळे निवडीची चूक माफ करता येते. पण ज्या संघाचं घोडं मुळातच अडलेलं आहे त्याने दीड महिन्याच्या चांगल्या निकालांवर भाळून भविष्य मोडीत काढणं, हे धोरणाचं अपयश होतं.

समोरचे पर्याय

२०१६ च्या हिवाळ्यात क्लबपुढे तीन वाटा होत्या.

एक, क्रिस सेल, होसे किंताना आणि ॲडम ईटन यांना ठेवून भोवती चार-पाच महागडे खेळाडू विकत घ्यायचे. हे तिघेही कमी पगाराच्या लांब करारांवर होते, म्हणजे गाभा आयता होता. पण त्यासाठी पगारखर्च बराच वाढवावा लागला असता आणि मालकाची त्याला तयारी दिसत नव्हती.

दोन, एखाददुसरा खेळाडू विकून बाकी संघ तसाच चालवायचा. हेच आधी तीन-चार वर्षं चाललं होतं.

तीन, सगळंच मोडायचं. जे करार इतर संघांना हवेसे आहेत ते सर्व विकून तरुण गोळा करायचे आणि दोन-तीन वर्षं हरण्याची तयारी ठेवायची. ह्यूस्टनने २०११ ते २०१३ या तीन वर्षांत १०६, १०७ आणि १११ सामने हरून हेच केलं होतं. शेजारच्या कब्जने तर याच वाटेने नुकतीच, २०१६ च्या नोव्हेंबरात, वर्ल्ड सिरीज जिंकली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला मिरवणूक निघालेली असताना दक्षिणेकडच्या चाहत्यांना ही वाट पटवणं सोपं गेलं.

काय केलं

६ डिसेंबर २०१६ रोजी सेल बॉस्टनला गेला. योआन मोन्काडा, मायकल कोपेक आणि आणखी दोघे आले. दुसऱ्याच दिवशी ईटन वॉशिंग्टनला गेला. लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग हे तीन पिचर आले. १३ जुलै २०१७ रोजी किंताना चक्क कब्जकडे गेला आणि एलॉय हिमेनेझ, डिलन सीस व आणखी दोघे मिळाले. तिन्ही व्यवहारांत किंमत भरघोस आली याचं कारण त्या खेळाडूंच्या करारांची उरलेली वर्षं. सेलची तीन, किंतानाची साडेतीन, ईटनची पर्याय धरून पाच. हंगाम संपता संपता मोकळा होणारा खेळाडू विकला असता तर याच्या पावपटही हाती लागलं नसतं. विकण्याची वेळ साधणं हा या प्रकरणातला सर्वात उत्तम पार पडलेला भाग आहे, आणि त्याचं श्रेय हान यांना द्यायलाच हवं.

२०१७ च्या मेमध्ये क्यूबाच्या लुईस रॉबर्टला २ कोटी ६० लाख डॉलर देऊन करारबद्ध केलं. परदेशी तरुणांवरच्या खर्चाची ठरलेली मर्यादा ओलांडल्यामुळे जवळपास तेवढाच दंडही लीगला भरावा लागला. याला एक दुसरी, कमी बोलली गेलेली किंमत होती. मर्यादा ओलांडणाऱ्या क्लबला पुढचे दोन हंगाम कोणाही परदेशी तरुणाला तीन लाख डॉलरपेक्षा जास्त देता येत नसे. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातले सोळा-सतरा वर्षांचे उत्तम खेळाडू या रकमेत मिळत नाहीत. पुनर्बांधणीच्या ऐन भरात लॅटिन अमेरिकेतून येणारा ओघ क्लबने आपल्याच हाताने आटवला. रॉबर्ट घेणं चूक नव्हतं, पण ती दोन वर्षं भरून काढायला दुसरी काही तजवीज दिसली नाही.

ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत सगळे कॉलेजचे खेळाडू घेतले: २०१६ मध्ये झॅक कॉलिन्स आणि झॅक बर्डी, २०१७ मध्ये अकराव्या नंबरवर जेक बर्गर, २०१८ मध्ये चौथ्या नंबरवर निक मॅड्रिगल, २०१९ मध्ये तिसऱ्या नंबरवर अँड्र्यू व्हॉन, २०२० मध्ये अकराव्या नंबरवर गॅरेट क्रोशे. मागचा विचार असा दिसतो की कॉलेजचा खेळाडू लवकर तयार होतो आणि बाकीच्या पोरांच्या वेळेत येऊन मिळतो. अडचण ही की लवकर तयार होणाऱ्याची वाढही बऱ्याचदा लवकर थांबते. आणि वरच्या नंबरवर जे मिळाले त्यांत व्हॉन मूळचा फर्स्ट बेसमन, कॉलिन्स कॅचर म्हणून कच्चा, बर्गर जड शरीराचा. होसे अब्रेयू आधीच फर्स्ट बेसवर होता, हिमेनेझला चेंडू अडवणं धड जमत नव्हतं. बॅट चालवणारे पाच-सहा जण आणि त्यांना उभं करायला जागा दोन.

तरुणांना लवकर लांब करारांत बांधण्याचा सपाटाही लावला. टिम अँडरसनला २०१७ मध्ये सहा वर्षांचे अडीच कोटी, हिमेनेझला २०१९ मध्ये, पदार्पणाच्याही आधी, सहा वर्षांचे ४ कोटी ३० लाख, रॉबर्टला २०२० च्या जानेवारीत सहा वर्षांचे पाच कोटी, मोन्काडाला त्याच वर्षी मार्चमध्ये पाच वर्षांचे सात कोटी. कागदावर हे सौदे स्वस्त होते आणि त्या वेळी जवळपास सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. पण त्यांनी संघाचा गाभा फार लवकर पक्का केला. ज्याच्यावर करार आहे तो खेळणार हे ठरून गेलं, आणि स्पर्धा संपली.

हंगामाचे निकाल ६७-९५, ६२-१००, ७२-८९. हे अपेक्षितच होतं.

पहिलं वळण: मचाडो

२०१९ च्या फेब्रुवारीत मॅनी मचाडो बाजारात होता. वय २६, उत्तम थर्ड बेसमन. क्लबने त्याचा मेहुणा योंडर अलोन्सो आणि मित्र जॉन जे यांना आधीच संघात घेतलं होतं. वृत्तांनुसार व्हाइट सॉक्सने त्याच्यापुढे आठ वर्षांचे २५ कोटी डॉलर हमीचे ठेवले आणि वरची रक्कम अटींवर. सान दिएगोने दहा वर्षांचे ३० कोटी सरळ दिले. मचाडो तिकडे गेला. मेहुणा आणि मित्र शिकागोत राहिले.

चाहत्यांच्या वादाला खरी धार इथून आली. एका गटाचं म्हणणं, मोठ्या शहरातला क्लब आहे, पोरं स्वस्त आहेत, पैसा आता नाही तर कधी घालणार? दुसऱ्याचं म्हणणं, दहा वर्षांचा करार शेवटी डोक्यावर बसतो, पोरं आधी येऊ द्या. पहिला गट पैशाबद्दल बरोबर होता. पण पुढे जे झालं त्याने दोघांचीही मांडणी अपुरी ठरली. क्लबने पैसा नंतर खर्च केला, आणि तो चुकीच्या जागी केला.

मधला टप्पा: पोरं घडतात कशी

तरुण खेळाडू मिळवणं आणि तो घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जिओलिटोचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. २०१८ मध्ये त्याचा इआरए, म्हणजे नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, ६.१३ होता, पूर्ण हंगाम टाकणाऱ्या पिचरांत सर्वात वाईट. त्या हिवाळ्यात त्याने चेंडू टाकताना हात मागे नेण्याची लांबलचक हालचाल आखूड केली. हात मागे लांब गेला की धड वळतं तेव्हा तो उशिरा वर येतो, सोडण्याची जागा दर चेंडूला हलते आणि स्ट्राइक झोन सापडत नाही. हात कानाजवळून आखूड वळणाने आला की तीच जागा पुन्हा पुन्हा सापडते आणि फलंदाजाला चेंडू उशिरा दिसतो. सोबत त्याने सिंकर (खाली पडणारा चेंडू) बाजूला ठेवला आणि उंच फास्टबॉल व चेंजअप (वेग कमी केलेला चेंडू) या जोडीवर भर दिला. २०१९ मध्ये इआरए ३.४१.

हा बदल त्याने केला तो शाळेतले आपले पिचिंग कोच इथन कॅट्झ यांच्या मदतीने. क्लबने पुढे २०२० च्या नोव्हेंबरात कॅट्झ यांना पिचिंग कोच म्हणून घेतलं आणि ते योग्यच केलं. पण त्याआधी विचारायला हवं होतं की सहा फूट सहा इंचाच्या, देशभर नावाजलेल्या पोराच्या हातातला दोष दोन वर्षं आपल्या यंत्रणेला का दुरुस्त करता आला नाही. जिओलिटोच्या यशाने चाहत्यांचा पुनर्बांधणीवरचा विश्वास वाढला, तो वाढण्याऐवजी इथे शंका यायला हवी होती.

व्हॉनचं उलट झालं. २०१९ मध्ये ड्राफ्ट झाल्यावर तो मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या लीगच्या, हाय-ए स्तरापर्यंत पोचला; त्यावर डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. २०२० मध्ये साथीमुळे मायनर लीग भरलीच नाही. २०२१ च्या मार्चमध्ये होमरन अडवायला भिंतीवर उडी घेताना हिमेनेझच्या छातीचा स्नायुबंध फाटला, आणि व्हॉनला थेट मेजर लीगमध्ये, तेही लेफ्ट फील्डला उभं केलं. डबल-ए नाही, ट्रिपल-ए नाही, मैदानातली जागाही व्यावसायिक पातळीवर कधी न खेळलेली. अशा पोराला एकाच वेळी दोन परीक्षा द्यायला लावल्या की बॅटिंगवरचं लक्ष उडतं. साधा, धावणारा, डावखुरा आउटफिल्डर बाजारात ५०-८० लाख डॉलरला मिळतो. तो संघात आधीपासून असता तर हे करावंच लागलं नसतं. क्लबने त्या वर्षी राइट फील्डसाठी ७० लाखांना परत आणलेला ईटन जुलैपर्यंत सोडून द्यावा लागला.

दुसरं वळण: ऑक्टोबर २०२०

साठ सामन्यांच्या २०२० हंगामात संघ ३५-२५ राहिला, अब्रेयू अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ओकलंडकडून पहिल्या फेरीत २-१ हार झाली. पोरांना घडवणारे मॅनेजर (मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक) रिक रेंटेरिया यांना निरोप दिला. नव्या मॅनेजरला अलीकडच्या विजेत्या क्लबचा अनुभव असावा, असा सूर हान यांनी लावला होता. प्रत्यक्षात निवड झाली टोनी ला रुसा यांची: वय ७६, हॉल ऑफ फेममध्ये नाव, पण २०११ नंतर डगआउटमध्ये पाऊल नाही. १९८६ मध्ये त्यांना क्लबमधून काढलं होतं याची खंत राइन्सडॉर्फ उघड बोलून दाखवत आले होते. निवड मालकाची होती हे सर्वांना दिसत होतं.

२०२१ मध्ये संघाने ९३ सामने जिंकून डिव्हिजन घेतली, त्यामुळे हा निर्णय फसला असं म्हणणं चाहत्यांना जड गेलं. पण मे महिन्यातला एक प्रसंग सगळं सांगून जातो. मिनेसोटात संघ १५-४ ने पुढे, नववा डाव, समोर पिचर म्हणून उभा केलेला नेहमीचा खेळाडू. यर्मिन मर्सेडीस या नवख्या फलंदाजाने तीन बॉल, शून्य स्ट्राइक असताना चेंडू भिरकावून दिला. मोठ्या आघाडीवर असताना असा चेंडू न मारण्याचा अलिखित संकेत मोडला म्हणून ला रुसांनी आपल्याच खेळाडूला जाहीरपणे दोष दिला. दुसऱ्या दिवशी विरोधी पिचरने मर्सेडीसच्या मागून चेंडू टाकला, तेव्हा त्यातही आपल्याला काही वावगं वाटलं नाही असं ते म्हणाले. तरुण, उत्साही, बॅट फिरवून आनंद दाखवणारा संघ बांधायचा आणि त्यांच्यावर असा मॅनेजर बसवायचा, यात मेळ नव्हता. अँडरसनसह काही सहकारी मर्सेडीसच्या बाजूने उभे राहिले आणि ड्रेसिंग रूममधली फट बाहेर दिसली.

तिसरं वळण: पैसा कुठे गेला

३० जुलै २०२१ रोजी, डिव्हिजन खिशात असताना, क्लबने कब्जकडून क्रेग किंब्रेल घेतला. दिले मॅड्रिगल आणि तरुण रिलीव्हर (सुरुवातीच्या पिचरनंतर उरलेले डाव टाकणारा) कोडी ह्यूअर. मॅड्रिगल जखमी होता, पण सेकंड बेसवर पुढची पाच वर्षं तोच होता. किंब्रेलचा इआरए कब्जकडे ०.४९, इकडे ५.०९. शेवटचा डाव टाकायला लियाम हेंड्रिक्स आधीच होता, त्यामुळे आयुष्यभर नववा डाव टाकलेल्या किंब्रेलला आठवा दिला गेला. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने ३-१ ने घरी पाठवलं. तरीही क्लबने त्याचं १ कोटी ६० लाखांचं पुढचं वर्ष पक्कं केलं आणि १ एप्रिल २०२२ ला त्याला लॉस एंजलिसला देऊन ए. जे. पोलॉक घेतला.

बेरीज करून पाहा. हेंड्रिक्स ५ कोटी ४० लाख, ग्रेव्हमन २ कोटी ४० लाख, केली १ कोटी ७० लाख आणि किंब्रेलचे ते १ कोटी ६० लाख. दोन हिवाळ्यांत चार रिलीव्हरवर ११ कोटी १० लाख डॉलर. हे चौघे हंगामात प्रत्येकी फार तर साठ-सत्तर डाव टाकणारे. त्याच काळात सेकंड बेस आणि राइट फील्ड या रोज खेळल्या जाणाऱ्या जागा रिकाम्या. मॅड्रिगल गेल्यावर सेकंड बेसला जॉश हॅरिसन आणि लॉरी गार्सिया यांच्यावर भिस्त; गार्सियाला तीन वर्षांचे १ कोटी ६५ लाख दिले आणि एकाच हंगामानंतर, १ कोटी १० लाख शिल्लक असताना, सोडून दिलं.

२०२१ च्या हिवाळ्यात पिचर कार्लोस रोडॉन मोकळा झाला. २०२१ मध्ये त्याने नो-हिटर (विरोधकांना एकही हिट न देणारा सामना) टाकला होता, पण हंगामाच्या शेवटी खांदा दुखत होता. क्लबने त्याला १ कोटी ८४ लाखांची एक वर्षाची क्वालिफाइंग ऑफर दिली असती तर दोनच शक्यता होत्या: त्याने ती स्वीकारली असती तर एक वर्षापुरता उत्तम डावखुरा पिचर, नाकारली असती तर जादा ड्राफ्ट पिक. क्लबने ऑफर दिली नाही. रोडॉन सान फ्रान्सिस्कोला दोन वर्षांच्या ४ कोटी ४० लाखांवर गेला आणि हाती काहीच आलं नाही. खांद्याची भीती समजू शकते. पण आठव्या डावाच्या पिचरवर १ कोटी ६० लाख लावणाऱ्या क्लबने इथे हात आखडावा, हे पटत नाही.

परिणाम

२०२२ मध्ये पगारखर्च क्लबच्या इतिहासातला सर्वात मोठा आणि निकाल ८१-८१. रॉबर्ट, हिमेनेझ, मोन्काडा, अँडरसन आणि कॅचर यास्मानी ग्रँडाल आळीपाळीने जायबंदी. दुखापतींना दैव म्हणता येईल, पण पर्यायी खेळाडू नसणं हे दैव नव्हे. ट्रिपल-ए मधून वर आणावं असं कोणी उरलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी ज्या मायनर लीगची वाहवा होत होती ती एव्हाना बहुतेक याद्यांत तळाशी होती.

२०२३ मध्ये ६१-१०१. जुलैत जिओलिटो, लोपेझ, लान्स लिन आणि १ ऑगस्टला बर्गर, सगळे विकले. २२ ऑगस्टला विल्यम्स आणि हान यांना काढलं आणि नऊ दिवसांत ख्रिस गेट्झ यांना जनरल मॅनेजर केलं. गेट्झ २०१६ च्या ऑक्टोबरपासून खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख होते. जो विभाग सर्वात कमी पडला त्याचेच प्रमुख वर चढले, यावर चाहते भडकले आणि त्यांचा राग रास्त होता.

२०२४ ची सुरुवात ३-२२. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ पराभव, मग मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांची हकालपट्टी, शेवट ४१-१२१. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम मोडला. घरच्या मैदानावर 'संघ विका' अशा घोषणा झाल्या. एरवी एकमेकांशी भांडणारे दोन्ही गट त्या घोषणेत एकत्र होते.

वेगळं काय करता आलं असतं

सेल, ईटन आणि किंताना विकणं बरोबर होतं, ते पुन्हा तसंच करावं. फरक पुढच्या पायरीत हवा होता.

२०१७ ते २०१९ ही हरण्याची तीन वर्षं घडवणाऱ्या यंत्रणेवर पैसा घालण्याची होती. चेंडूची फिरत आणि बॅटचा वेग मोजणारी साधनं, ती वाचून पोराला समजावणारे कोच, प्रत्येक मायनर लीग स्तरावर एकच पद्धत. मचाडोच्या एका वर्षाच्या पगारापेक्षा कमी रकमेत हे सगळं उभं राहतं. ह्यूस्टन नेमक्या याच बाबतीत पुढे होतं, आणि २०२१ च्या प्लेऑफमध्ये समोरासमोर आल्यावर तो फरक दिसला. ह्यूस्टनच्या २०१७ च्या विजयाला विरोधी कॅचरच्या खुणा चोरण्याचा डाग आहे हे खरं, पण त्यांच्या मायनर लीगमधून पुढेही पिचर येत राहिले ते त्या चोरीमुळे नव्हे.

दुसरं, तीन लाखांची अट लागल्यावर त्या दोन वर्षांत रिलीव्हर विकताना इतर क्लबांच्या अगदी खालच्या स्तरावरचे १७-१८ वर्षांचे परदेशी खेळाडू मागायचे होते. टाटिस तसाच गेला होता; तसेच आणताही आले असते.

तिसरं, २०२० च्या मॅनेजर निवडीत हान यांनी अडून बसायला हवं होतं, गरज पडली तर खुर्ची पणाला लावून. जनरल मॅनेजरने जाहीर केलेले निकष मालक एका फोनवर बाजूला ठेवतो म्हटल्यावर पुढच्या कुठल्याही योजनेला अर्थ उरत नाही.

आणि सर्वच संघ हरून वर येत नाहीत हेही चाहत्यांनी लक्षात घ्यायला हवं. बॉल्टिमोर २०१८ मध्ये ११५ सामने हरला, २०२३ मध्ये १०१ जिंकला, आणि २०२५ मध्ये पुन्हा ७५-८७ वर आला. पोरांची पहिली लाट किती मोठी यावर संघ तीन वर्षं टिकतो. त्यापुढे टिकायचं तर दर वर्षी खालून एक-दोन जण यावे लागतात.

सध्याची स्थिती

दुसरी पुनर्बांधणी सुरू आहे. २०२४ च्या मार्चमध्ये सीस आणि डिसेंबरमध्ये क्रोशे विकले. क्रोशेच्या बदल्यात बॉस्टनकडून काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ आले. यावेळी फरक घडवण्यात दिसतो. पिचिंगसाठी ब्रायन बॅनिस्टर, बॅटिंगसाठी बॉल्टिमोरचे रायन फुलर असे बाहेरचे लोक आणले. २०२१ मध्ये बाविसाव्या नंबरवर शाळेतून घेतलेला शॉर्टस्टॉप कोल्सन मॉन्टगोमेरी २०२५ च्या वसंतात ट्रिपल-ए मध्ये चाचपडत होता. त्याला सामन्यांतून काढून ॲरिझोनाच्या प्रशिक्षण केंद्रात फुलर यांच्यासोबत स्विंगवर काम करायला पाठवलं. जुलैत तो मेजर लीगमध्ये आला आणि ७१ सामन्यांत २१ होमरन मारले. मिलवॉकीकडून रूल-५ ड्राफ्टमध्ये (इतर क्लबांनी मुख्य यादीत न ठेवलेले खेळाडू उचलण्याची सोय) उचललेला पिचर शेन स्मिथ पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला. तरीही निकाल ६०-१०२.

हरण्याचं बक्षीसही आता पूर्वीसारखं नाही. २०२२ च्या करारानंतर पहिले सहा नंबर सोडतीने ठरतात, आणि मोठ्या शहरांच्या क्लबांना सलग दोन वर्षं सोडतीत जागा मिळत नाही. म्हणून १२१ पराभवांनंतर २०२५ च्या ड्राफ्टमध्ये व्हाइट सॉक्स दहाव्या नंबरवर राहिले. २०२६ साठी मात्र सोडतीत पहिला नंबर त्यांनाच लागला. याच नियमाने २०२७ मध्ये ते पुन्हा पहिल्या सहांत येऊ शकत नाहीत. लीग आणि खेळाडू संघटनेचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, त्यात हा नियम बदलला तरच.